कामगाराच्या वतीने बोलायचं कोणी? मुंबईच्या गिरण्या आणि १९४६चा कायदा

मुंबईच्या गिरणी संपाचा विषय निघाला की आपण थेट १८ जानेवारी १९८२ या तारखेवर जाऊन पोचतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार, साठेक गिरण्या, डॉ. दत्ता सामंत. पगारवाढ आणि बदली कामगारांना कायम करणे, या मागण्या सगळ्यांच्या लक्षात आहेत. पण त्याच यादीत एक मागणी अशी होती, जिचा पैशाशी सरळ संबंध नव्हता. मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा, राष्ट्रीय मिल मजदूर संघाची मान्यता काढा. माझ्या मते त्या संपातली सर्वांत अवघड मागणी तीच. पैशाचा प्रश्न ओढाताण करून कुठेतरी मध्यावर मिटतो. ‘माझ्या वतीने कोण बोलणार’ हा प्रश्न मध्यावर मिटत नाही. तो तयार कसा झाला, हे आज बघायचं आहे.

सुरुवात नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापासून. महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली, मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या घेतल्या. ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ ती हीच. पण तिच्याकडे सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, नियमावली नव्हती. सरकारच्या आणि मालकांच्या लेखी लोखंडे हे एक अर्जदार. तरीसुद्धा १८९०मध्ये आठवड्याची सुटी पदरात पडली, हे विसरू नका. आपण आज रविवारी इथे निवांत बसलो आहोत, त्यात त्या अर्जाचा वाटा आहे.

गिरणीच्या आत मात्र मालक आणि कामगार यांच्यामध्ये उभा होता जॉबर. कामावर घेणार तो, काढणार तो, अडीनडीला पैसे देणारा पुष्कळदा तोच. १९१९ आणि १९२०चे प्रचंड संप झाले, तेव्हा लाखावर माणूस रस्त्यावर होता आणि सगळ्यांच्या वतीने सही करील अशी कायमची संघटना नव्हती. १९२६च्या ट्रेड युनियन कायद्याने संघटनेला नोंदणी दिली. पण मालकाने तिच्याशी बोललंच पाहिजे, अशी सक्ती त्यात नव्हती. नोंदणी वेगळी, मान्यता वेगळी. हा फरक पुढे लागणार आहे.

१९२८चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. त्यातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि वर्षअखेर तिचे सभासद पन्नास हजारांच्या वर गेले. पहिल्यांदाच गिरणीगिरणीत समित्या झाल्या, जॉबरला वळसा घालून कामगार बोलू लागला. इथे एक गोष्ट सांगायला हवी. जास्त पगाराच्या विणाई खात्यात दलित कामगारांना शिरकाव नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्यात विटाळ आडवा यायचा. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न त्या वेळी लावून धरला. तेव्हा ‘कामगारांचा आवाज’ म्हणताना कोणत्या खात्यातल्या कामगाराचा, हेही विचारावं लागतं. आपले बरेच इतिहासकार ते विचारायला विसरले.

सरकारने उत्तर दोन हातांनी दिलं. एका हाताने मार्च १९२९मध्ये डांगे आणि इतर पुढाऱ्यांना मीरत खटल्यात अडकवलं. दुसऱ्या हाताने १९३४च्या समेट कायद्याखाली सरकारी लेबर ऑफिसर नेमला. कामगारांची गाऱ्हाणी मालकापुढे मांडणं हे त्याचं काम! म्हणजे कामगारांनी निवडलेली माणसं तुरुंगात, आणि त्यांच्या वतीने बोलायला सरकारचा पगारी अधिकारी.

१९३७मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री. लोकांना वाटलं, आता चित्र बदलेल. १९३८मध्ये आलेल्या औद्योगिक कलह विधेयकाने समेटाची लांबलचक वाट सक्तीची केली आणि ती सोडून केलेला संप बेकायदा ठरवला. स्वतंत्र मजूर पक्षाने आणि कम्युनिस्टांनी मिळून ७ नोव्हेंबर १९३८ला त्याविरुद्ध एक दिवसाचा संप केला. दहा वर्षांपूर्वी ज्यांचं पटत नव्हतं, ते या मुद्द्यावर एकत्र आले. संपाचा हक्क काढून घेणं म्हणजे माणसाला त्याच्या मनाविरुद्ध कामाला जुंपणं, असा आंबेडकरांचा युक्तिवाद होता. कायदा तरीही झाला.

या सगळ्यामागे एक नाव महत्त्वाचं आहे, गुलझारीलाल नंदा. मूळचे अहमदाबादच्या मजूर महाजनचे कार्यकर्ते. १९१८च्या अहमदाबाद संपात कामगारांच्या बाजूने अनसूयाबेन साराभाई, समोर मालक म्हणून त्यांचेच भाऊ अंबालाल, आणि मध्ये गांधीजी. त्या वातावरणातून लवादाची पद्धत आली. मुंबई प्रांताचे मजूरमंत्री असताना नंदांनी १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आणला, तो हा अनुभव गाठीशी बांधून. फरक इतकाच की अहमदाबादेत संघटना आधी रुजली आणि कायदा नंतर आला. मुंबईत आधी कायदा आला, आणि त्याच्या आधाराने राष्ट्रीय मिल मजदूर संघ वाढला.

आता कायद्याची मेख. एका उद्योगात, एका क्षेत्रात एकच ‘प्रातिनिधिक’ संघटना. तिला निम्मे कामगारसुद्धा सभासद असण्याची गरज नाही, त्याहून पुष्कळ कमी पुरतात. एकदा हा दर्जा मिळाला की तिने केलेला करार सगळ्यांवर बंधनकारक, जो तिचा सभासद नाही त्याच्यावरही. संमत यादीतल्या संघटनेला गिरणीच्या आवारात, पगार वाटतात तिथेच वर्गणी गोळा करायची मुभा. दुसऱ्या संघटनेला हा दर्जा हवा असेल, तर सलग तीन महिने पुरेसे सभासद असल्याचं दाखवायचं. त्यांची मोजणी होणार ती वर्गणीच्या नोंदींवरून, गुप्त मतदानाने नाही. गंमत बघा, संमत संघटनेने संप करायचा तर आधी सभासदांचं मतदान घ्यावं, अशी अट याच कायद्यात आहे. संपाला मतदान चालतं, पुढारी ठरवायला चालत नाही!

मालकांना हे सोयीचं होतं. एकाच दारावर टकटक करायची, एकच सही घ्यायची. सरकारलाही सोयीचं, कारण राष्ट्रीय मिल मजदूर संघ हा इंटकमधला, म्हणजे काँग्रेसच्या घरचा. समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने १९५०मध्ये बोनससाठी दोन महिने संप केला, तो फसला. संघाच्या बाजूने एवढं म्हणायला हवं की त्याच्या काळात लवादाकडून महागाई भत्ता, बोनस हे मिळत गेलं. पण मिळवलं ते वकिलांनी आणि कार्यालयाने. कामगाराचा संबंध पावतीपुरता उरला.

१९८१च्या दिवाळीच्या बोनसवरून ठिणगी पडली, तेव्हा कामगार संघाच्या कार्यालयाकडे न जाता घाटकोपरला डॉक्टरांच्या घरी गेले. हे मला त्या संपाचं खरं मतदान वाटतं. पण कायद्याच्या पुस्तकात त्याला किंमत नव्हती. एखाद्या मालकाला सामंतांशी करार करावासा वाटला असता, तरी प्रातिनिधिक संघटनेला डावलून तो कायद्याने टिकला नसता. सरकारने कायदा बदलला असता, तर इतर उद्योगांतही हीच मागणी उठली असती, आणि मुंबईतली आपली कामगार संघटना हातची गेली असती. ते कोणतंही काँग्रेस सरकार करणार नव्हतं. सामंतांची हट्टी पद्धत, भिवंडीच्या यंत्रमागांवर हलवलेलं उत्पादन, गावाकडे परतलेले कामगार, ही कारणंही आहेतच, पण ती पुष्कळदा सांगून झाली आहेत.

संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. १९८३मध्ये तेरा गिरण्यांचं व्यवस्थापन सरकारने हातात घेतलं. १९८४मध्ये सामंत लोकसभेत निवडून गेले, म्हणजे गिरणगावाने गुप्त मतदान अखेर केलं, फक्त वेगळ्या पेटीत. मान्यता मात्र संघाकडेच राहिली. पुढे गिरण्या बंद करताना आणि जमिनी विकताना कामगारांच्या देण्यांचे करार झाले, तेव्हाही टेबलाच्या त्या बाजूला बसायचा कायदेशीर हक्क त्याच संघटनेचा होता.

संसदेने २०२०मध्ये मंजूर केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत वाटाघाटीचा एकटीचा हक्क मिळवायला संघटनेला एकावन्न टक्के कामगार लागतात. टक्का वाढला. पण संहितेतला कामगार म्हणजे हजेरीपटावरचा, आणि कंत्राटदाराचा माणूस कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो. त्या विषयाला वेगळं व्याख्यान लागेल. आता प्रश्न घेऊ या, मागच्या रांगेतून सुरुवात करा.