दाटी आणि शेजार : १९१५ सालचे दोन प्रयत्न

शहर वाढू लागले की नव्यांस निवारा हवा असतो आणि जुन्यांस आपला उजेड, वारा व शेजार राखावयाचा असतो. दोन्ही मागण्या रास्त आहेत. त्यांचा तंटा मुंबई इलाख्यात सव्वाशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता.

१८९६ साली मुंबईत ग्रंथिज्वराची साथ आली व १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने कोंदट चाळी पाडून रस्ते काढले. परंतु आरंभीच्या वर्षांत जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. घरास मुकलेली माणसे जवळच्याच वस्त्यांत शिरली आणि एका गल्लीची दाटी दुसरीच्या माथी बसली.

पुढे १९१५ साली दोन गोष्टी घडल्या. पहिली, मुंबईचा नगररचना कायदा. हिंदुस्थानातील अशा प्रकारचा हा पहिलाच. वेड्यावाकड्या जमिनी एकत्र धरावयाच्या, त्यांतून रस्ते व मोकळ्या जागा काढावयाच्या आणि उरलेली भूमी नीट आखून मूळ मालकांस परत द्यावयाची, ही त्याची रीत. मालकांचे म्हणणे ऐकून निवाडा देण्यास लवाद असे.

दुसरी गोष्ट गावदेवीची सारस्वत सहकारी गृहसंस्था. १९०६ साली शामराव विठ्ठल सहकारी पेढी काढणारे श्रीपाद सुब्राव तालमकी तिचे प्रवर्तक. १९१२ च्या कायद्याने पतपेढ्यांखेरीज अन्य सहकारी संस्थांसही वाट मोकळी केली होती. ट्रस्टच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर इमारती उठल्या व भाडेकरूच सभासद या नात्याने मालक झाले. कायद्याने मालकास विचारले होते. संस्थेने राहणाऱ्यास विचारले. मात्र ज्ञातीच्या कुंपणाबाहेरील माणसाचा प्रश्न तेथेही उरलाच.

सुरत १९६० पर्यंत मुंबई राज्यातच होती. गुजरातच्या १९७६ च्या कायद्यानेही जमिनी एकत्र करण्याची ती रीत राखली आहे. हजीऱ्याच्या वाटेवरील इच्छापोरासारख्या गावांच्या शिवाराकडे आज शहर सरकत आहे. तेथे तिची कसोटी आहे. इकडे महाराष्ट्रात २०१९ च्या शासननिर्णयाने गृहसंस्थेच्या पुनर्विकासास एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरेशी ठरविली. उरलेल्यांचे आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचे गाऱ्हाणे कोणी ऐकावयाचे?

आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे एके काळी बिऱ्हाडाची जागा शोधीतच शहरात आले. तेव्हा नव्याने येणाऱ्यास मज्जाव करण्याचा अधिकार आपणांस पोचत नाही. परंतु मजले चढण्यापूर्वी रस्ता, पाणी व मोकळी जागा आखली जावी, असा आग्रह धरण्याचा अधिकार मात्र प्रत्येक शेजाऱ्यास आहे, आणि तो बजावणे हे त्याचे कर्तव्यही आहे.