टूथपेस्ट कोणती निवडावी?

"डॉक्टर, कोणती पेस्ट वापरू?" दातांच्या दवाखान्यात हा प्रश्न रोज येतो. उत्तर जाहिरातीत नाही, ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत असते. तिथे 'सोडियम फ्लोराइड' किंवा 'सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेट' लिहिले आहे का पाहा. दातांची कीड रोखण्यासाठी फ्लोराइडच महत्त्वाचे. भारतात पेस्टमध्ये ते जास्तीत जास्त १००० पीपीएम असू शकते. लवंग, कडुलिंब, मीठ यांनी तोंड ताजे वाटेल, पण फ्लोराइडची जागा ते घेत नाहीत.

लहान मुले पेस्ट गिळतात. म्हणून तीन वर्षांखालील बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढीच पेस्ट द्या. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड जिल्ह्यांतील काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असते. तिथल्या मुलांसाठी आधी दंतवैद्यांना विचारा.

थंड पाण्याने दात शिवशिवत असतील तर पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट उपयोगी पडते. मात्र फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत पेस्ट बदलू नका. इथे सर्वात मोठी चूक होते ती वेगळीच. एकाच दातात कळ येते, चावताना दुखते, रात्री ठणका लागतो, आणि रुग्ण सहा-सहा महिने पेस्ट बदलत राहतो. ही बहुधा कीड किंवा दाताला गेलेली चीर असते. तेव्हाच आला असता तर साध्या फिलिंगवर भागले असते. कीड नसेपर्यंत पोहोचली की रूट कॅनाल करावे लागते.

दात पांढरे करणारी पेस्ट फक्त वरचे डाग काढते. कोळशाची पेस्ट खरखरीत असू शकते, आणि झिजलेले इनॅमल पुन्हा येत नाही.

आता मशेरी. तंबाखूयुक्त टूथपेस्ट व दंतमंजनावर १९९२ पासून बंदी आहे, तरी घरी तंबाखू भाजून मशेरी करणे थांबलेले नाही. "दात साफ होतात" असे आजी सांगते. खरे तर ते व्यसन आहे आणि त्याने तोंडाचा कर्करोग होतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, अथवा न भरणारी जखम दोन आठवड्यांहून जास्त राहिली, तर लगेच दाखवा.

हिरड्यांतून रक्त येत असेल तर पेस्ट बदलून भागणार नाही. बहुतेकदा दातांवर कीटण साचलेले असते, ते दवाखान्यातच काढावे लागते. रक्त येते म्हणून ब्रश करणे मात्र बंद करू नका, मऊ ब्रश घ्या. रात्री पेस्ट थुंकल्यावर खळखळून चूळ भरू नका. थोडे फ्लोराइड दातांवर राहू द्या.