आवाजाची वाट

संगणकावर गाणं वाजतं तेव्हा ते प्रोग्रॅममधून स्पीकरपर्यंत कसं पोचतं, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. नळाला पाणी येतंय तोवर पाइप कुठून आलाय हे कोण बघतो? पण हौसेने मुक्तस्रोत संगीत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मंडळींना तो पहिल्याच दिवशी पडतो. आवाजाची ने-आण करणाऱ्या मधल्या थराला ते बॅकएंड म्हणतात. तो कोणता घ्यावा यावर लिनक्सच्या जगात वर्षानुवर्षं खल झाला, आणि त्याचा इतिहास मला मोठा रंजक वाटतो.

आधी अडचण बघू. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला सेकंदाला ४४,१०० आकडे. साउंड कार्ड ते ठरल्या लयीत मागत राहतं आणि प्रोग्रॅम ते वाटीवाटीने पुरवतो. ही वाटी म्हणजे बफर. वाटी १,०२४ आकड्यांची असेल तर ती रिकामी व्हायला २३ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात आवाज हवेतून आठ मीटर जातो. म्हणजे पट्टी दाबली आपण, पण सूर ऐकू येणार आठ मीटरवर बसलेल्या माणसाने वाजवल्यासारखा! वाटी २५६ ची केली तर हेच अंतर दोन मीटर, म्हणजे गवई आणि तबलजी यांच्यात असतं साधारण तेवढं. पण लहान वाटी वेळेत भरली नाही की आवाजात 'टक्' होतं, आणि रंगात आलेलं रेकॉर्डिंग वाया जातं.

मिडीची गोष्ट थोडी वेगळी. १९८३ च्या जानेवारीत सिक्वेन्शियल सर्किट्स आणि रोलंड या दोन स्पर्धक कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडून दाखवले गेले, तेव्हापासूनची. मिडीत आवाज नसतोच. 'अमुक पट्टी, अमुक जोराने' एवढा तीन बाइटचा निरोप असतो, आणि तो त्या तारेतून साधारण एका मिलिसेकंदात पोचतो. मात्र निरोप आणि आवाज एकाच घड्याळावर चालायला हवेत, नाहीतर ठेका डळमळतो.

लिनक्सवरची पहिली वाट १९९० च्या दशकात हन्नू साव्होलाइनेन यांनी बांधली, ती ओएसएस. वापरायला अगदी सोपी, फाइलमध्ये लिहावं तसा आवाज लिहायचा. पण बऱ्याच कार्डांवर एका वेळी एकच प्रोग्रॅम वाजू शके, आणि नंतरच्या आवृत्त्या कंपनीने बंदिस्त केल्या. (२००७ मध्ये त्या पुन्हा खुल्या झाल्या, पण तोवर गाडी निघून गेली होती.) १९९८ मध्ये यारोस्लाव किसेला यांनी आल्सा सुरू केलं, आणि डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ कर्नेलपासून तोच हमरस्ता झाला.

याच सुमारास पॉल डेव्हिस आर्डर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर लिहीत होते. हे गृहस्थ ॲमेझॉनच्या अगदी पहिल्या दोन प्रोग्रॅमरांपैकी एक. त्यांच्या कामातून जॅक निघालं. जॅकने कारभारच उलटा केला. प्रोग्रॅमने आपल्या सवडीने आवाज लिहायचा नाही; जॅकने हाक मारली की सगळ्यांनी एकदम आपापली वाटी भरून द्यायची. शिवाय एका प्रोग्रॅमचा आवाज थेट दुसऱ्यात सोडता यायचा. जाणकार खूश झाले. नवखे मात्र जॅक सुरू करतानाच दमायचे. आल्साचं मिडी वेगळं, जॅकचं वेगळं, म्हणून मधे पूल घालणारा तिसराच प्रोग्रॅम लागायचा. त्यात २००७ मध्ये फेडोरा ८ पासून पल्सऑडिओ आलं. कार्ड एक आणि मालक दोन!

मग २०१५ मध्ये आर्डर ४.० आलं, आणि त्यात जॅक ऐच्छिक झालं. ज्या माणसाने जॅक घडवलं त्याच्याच सॉफ्टवेअरने थेट आल्साशी बोलायची सोय केली. मला या इतिहासातली ही सर्वात मोठी गोष्ट वाटते. आपण बांधलेल्या वाटेवर लोक अडखळताहेत हे बघून दुसरी वाट मोकळी करून देणं सोपं नसतं.

पण जॅक वाया गेलं नाही. विम टायमन्स यांनी लिहिलेलं पाइपवायर २०२१ मध्ये फेडोरा ३४ मध्ये आवाजासाठी मुख्य झालं, आणि ते जॅकची भाषाही बोलतं, पल्सऑडिओचीही. त्यामुळे जॅकसाठी लिहिलेले कितीतरी जुने प्रोग्रॅम त्यावर न बदलता चालतात. आतलं यंत्र बदललं, बोलीचा करार टिकला.

म्हणून आज कुणी मला विचारलं की कोणतं बॅकएंड घेऊ, तर मी वेगाचे आकडे नंतर बघायला सांगेन. आधी बघावं की ही बोली दहा वर्षांनी समजणारं कुणी असेल का. आणि आपल्या प्रोग्रॅममधला तो सांधा पातळ ठेवावा, एका ठिकाणी बांधलेला, म्हणजे वाट बदलावी लागली तर सगळं घर पाडावं लागणार नाही. फावल्या वेळात, बिनपैशाचं काम करणाऱ्या माणसाकडे घर दोनदा बांधायला वेळ असतो कुठे?