मुखवटा कुणाचा, लायर कुणाची?

इसवी सनपूर्व ७००च्या आसपासची रात्र. ग्रीसमधल्या हेलिकॉन डोंगराच्या उतारावर तुम्ही उभे आहात. खाली आस्क्रा नावाचं खेडं. तिथल्या हवेला कवी हेसिऑड बारमाही नावं ठेवतो. तो इथेच मेंढ्या राखतो. धुकं इतकं दाट की पुढची मेंढी दिसत नाही. वरून बायकांच्या गाण्याचा आवाज येतोय. तुम्ही डोळे ताणून बघता, पण मुखवटा नाही, खगोलाचा गोल नाही, काही नाही. म्यूझ, म्हणजे कलांच्या देवता, हेसिऑडच्या हाती लॉरेलची काठी देतात, गळ्यात सूर घालतात. पुढे तो झ्यूस आणि स्मृतीची देवता निमोसिनी यांच्या या नऊ मुलींची नावं घेईल, कॅलिओपीला सगळ्यांत मोठा मान देईल. कुणाच्या हातात काय, हे मात्र सांगणार नाही.

आता साडेआठशे वर्षं पुढे या. रोम, इ.स. १५०च्या सुमाराचं. संगमरवराच्या भुकटीने तुमच्या पापण्या पांढऱ्या झाल्यात. समोर कुणा श्रीमंताची शवपेटी घडतेय; आयुष्य विद्येत गेलं हे मेल्यावरही दिसायला हवं, म्हणून तिच्यावर या नऊ म्यूझ हव्यात. एक पाथरवट गिरमिटाचं टोक दगडावर धरून बसलाय, दुसरा दोरी ओढून ते फिरवतोय. एकाला लागून एक भोकं पडत जातात आणि बघता बघता केसांची बट सुटी होते.

हसरा मुखवटा थालियाचा, शोकांतिकेचा मेल्पोमिनीचा. जोडपावा युटर्पीचा, गोल आणि काठी युरेनियाची. इथवर ठीक. पण क्लिओची गुंडाळी आणि कॅलिओपीची मेणपाटी यांत अदलाबदल चालते, आणि लायर हे तारवाद्य एराटोचं की तर्प्सिकोरीचं, यावर पैज लावू नका. पुस्तकांतले नीटनेटके तक्ते या कारखान्यात कुणी पाळत नाही. सगळ्यांत चटकन ओळखू येते ती पॉलिहिम्निया, आणि तिच्या हातात काहीच नाही! खडकावर कोपर टेकून, अंगाभोवती वस्त्र लपेटून ती नुसती विचार करतेय.

एकीच्या कपाळावर पिसं कोरलेली दिसतात, ती दागिना समजू नका. सायरनांनी, म्हणजे पिसं असलेल्या गाणाऱ्या बायकांनी, हेरा देवीच्या चिथावणीवरून म्यूझशी गाण्याची पैज लावली, हरल्या, आणि जिंकलेल्यांनी त्यांचीच पिसं उपटून डोक्यात खोवली. कलेच्या देवी झाल्या म्हणून काय झालं! ही हकीकत पॉसेनियस नावाचा प्रवासी याच शतकात लिहून ठेवतो. हेलिकॉनवर आधी तीनच म्यूझ मानत, हेही तोच सांगतो: अभ्यास, स्मृती आणि गाणं.

पॅरिसला गेलात तर लूव्रमध्ये याच काळातली, रोमजवळ ओस्तियाच्या रस्त्यावर सापडलेली अशी शवपेटी आहे. शेजारची पाटी न वाचता नऊजणी ओळखून बघा. निदान दोघींपाशी अडालच.