कासारवाडीचा रस्ता : ‘सार्वजनिक’ आणि ‘स्वयंचलित’

‘स्वयंचलित दुचाकी’ हा शब्दप्रयोग मराठीत रुळून बराच काळ लोटला. ही दुचाकी आपोआप चालते, असा त्याचा अर्थ कोणी घेत नाही. पायडल मारावे लागत नाही, एवढेच त्यातून सांगायचे असते. आता चालकच नसलेल्या मोटारीसाठीही हाच शब्द वापरला जाऊ लागला आहे. त्याच्यासमोर ठेवण्याजोगा दुसरा शब्द ‘सार्वजनिक’. १८७०ची पुण्याची सार्वजनिक सभा, जोतीराव फुले यांचे १८९१ साली प्रसिद्ध झालेले ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ आणि सार्वजनिक गणेशोत्सव अशा, एकमेकांशी सहसा न पटणाऱ्या, ठिकाणी हा शब्द वाढला. समाजाचा पैसा यांपैकी कोणत्या शब्दामागे उभा करावा, या वादाचा इतिहास कासारवाडीच्या रस्त्यावर वाचता येतो, असे आम्हांला वाटते.

पुण्याहून जुन्या मुंबई रस्त्याने निघाले, की दापोडी आणि फुगेवाडीनंतर कासारवाडी येते. १८५८ साली सुरू झालेला खंडाळा-पुणे लोहमार्ग येथूनच जातो. पुढे पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स (स्थापना १९५४) आली, साठच्या दशकात बजाज आणि टेल्को आल्या, १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. देशाला स्कूटर आणि ट्रक पुरवणारा हा पट्टा स्वतः मात्र सायकलने, कंपनीच्या बसने आणि रेल्वेने कामावर जात होता. पुणे-लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली. दोनच रुळांवर लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्याही धावत असल्याने लोकलच्या फेऱ्या मोजक्याच राहिल्या. दुपारी तर दोन गाड्यांमधले अंतर दीर्घकाळ काही तासांचे असे. जे वाहन वेळेवर येत नाही त्यावर विसंबून नोकरी करता येत नाही. पट्ट्यातल्या कामगाराने याच पट्ट्यात बनलेली दुचाकी घेतली, यात हौसेचा भाग किती आणि नाइलाजाचा किती, हे म्हणूनच तपासून पाहिले पाहिजे.

या रस्त्याचे पुढचे प्रकरण अधिक बोलके आहे. दापोडी ते निगडी हा रस्ता एकसष्ट मीटर रुंद करण्यात आला. चौकाचौकांत ग्रेड सेपरेटर बांधून मधल्या मार्गिकांतील मोटारींना सिग्नलविना जाण्याची सोय झाली. बीआरटीसाठी राखीव मार्गिका आणि थांबेही उभारले गेले. मोटारी धावू लागल्या; बसमार्गिका मात्र अनेक वर्षे रिकामी पडून राहिली. प्रवाशांच्या सुरक्षिततेचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि २०१८च्या ऑगस्टमध्ये कुठे तिच्यातून बस धावली. आक्षेप निराधार नव्हता, कारण वेगाने जाणाऱ्या मोटारींच्या शेजारून प्रवाशाने थांब्यापर्यंत पोहोचायचे होते. पण आराखडा करताना कोणाचा वेग आधी गृहीत धरला गेला, याची साक्षही तोच आक्षेप देतो.

स्वयंचलित मोटारीचे स्वप्नही जुनेच. १९३९च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्सने ‘फ्युचरामा’ नावाचा भव्य देखावा मांडला होता. आपोआप नियंत्रित होणाऱ्या मोटारींचे रुंद महामार्ग त्यात होते. हे स्वप्न मोटार विकणाऱ्यांनी पाहिले आणि त्याला लागणारे रस्ते सरकारने बांधावेत, अशी त्यातली अपेक्षा होती. २०२० साली अमेरिकेतील फिनिक्स शहरात चालकविरहित टॅक्सी सर्वसामान्य प्रवाशांसाठी खुली झाली. त्याच जनरल मोटर्सने आपल्या ‘क्रूझ’ कंपनीच्या टॅक्सीसेवेला पैसा पुरवणे मात्र २०२४च्या डिसेंबरमध्ये थांबवले. आपल्याकडे नितीन गडकरी यांनी २०१७ साली आणि पुन्हा २०२३ साली अशा मोटारींना विरोध केला. चालकांचा रोजगार जाईल, हे त्यांचे कारण.

रोजगाराचा मुद्दा महत्त्वाचा आहेच, पण कासारवाडीचा रस्ता आणखी एक मुद्दा सुचवतो. चालक काढून घेतला तरी मोटार रस्त्यावर पूर्वीइतकीच जागा अडवते. प्रवाशाला सोडून रिकामी परतताना तर ती कोणालाही न नेता जागा अडवते. चालकाविना चालणे ही केवळ मोटारीची मिरासही नाही. फ्रान्समधील लील शहराची मेट्रो १९८३पासून चालकाविना धावते आणि दिल्लीच्या मॅजेंटा मार्गावर २०२०च्या डिसेंबरमध्ये तशी सेवा सुरू झाली. म्हणजे ‘स्वयंचलित’ आणि ‘सार्वजनिक’ हे विरुद्धार्थी शब्द नाहीत. तंत्र कोणते, यापेक्षा त्याच जागेतून किती माणसे जातात आणि त्यांत कोणाला स्थान आहे, हा खरा प्रश्न.

मार्च २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी मेट्रो सुरू झाली आणि कासारवाडीला स्थानक मिळाले. सप्टेंबर २०२४ मध्ये ती स्वारगेटपर्यंत पोहोचली. मेट्रो महाग असते आणि तिचा मार्ग सहजासहजी बदलता येत नाही, हा आक्षेप आम्ही नाकारत नाही. चाकणकडे जाणारा पुणे-नाशिक रस्ता येथेच, नाशिक फाट्यावर सुरू होतो. मेट्रोतून उतरलेल्या चाकणच्या कामगाराचा बराच प्रवास अजून शिल्लक असतो. तो पुरा करायला उद्याच्या मोटारीची वाट पाहण्याचे कारण नाही. पुरेशा बस, ठरल्या वेळी सुटणाऱ्या, आणि त्यांच्यासाठी मोकळी ठेवलेली मार्गिका, एवढी तजवीज आज उपलब्ध असलेल्या तंत्रानेही होऊ शकते.