बीजप्रक्रिया, पारदयुक्त (खानदेश)

पेरणीपूर्वी बियाण्यास पाऱ्याची संयुगे चोळण्याची, आता मागे पडलेली पद्धत. खानदेशात (हल्लीचे जळगाव, धुळे व १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार हे जिल्हे) ज्वारी, बाजरी, कापूस व भुईमूग ही पिके महत्त्वाची. ज्वारीच्या काणी रोगावर मुंबई इलाख्यात प्रथम मोरचुदाचे द्रावण व पुढे गंधकाची भुकटी वापरात आली. जर्मनीत सुमारे १९१४ पासून प्रचारात आलेली कार्बनी पारद संयुगे भारतात स्वातंत्र्योत्तर काळात ॲग्रोसान, सेरेसान यांसारख्या भुकट्यांच्या रूपाने अशा पिकांच्या बियाण्यांसाठी रूढ झाली.

पारा प्रथिनांतील सल्फहायड्रिल गटांशी घट्ट बांधला जातो व कोशिकेतील एंझाइमांचे कार्य थांबवितो. कवकाची कोशिका व माणसाची कोशिका असा भेद तो करीत नाही. तथापि त्याची विषारता केवळ राशीवर नव्हे, तर रूपावरही अवलंबून असते. गिळलेला द्रवरूप पारा आतड्यात जवळजवळ शोषला जात नाही. सोनाराने पारा वापरून मुलामा चढविताना त्याचीच वाफ झाली, तर श्वासावाटे घेतलेल्या वाफेचा सुमारे ८०% भाग शरीरात राहतो. हिंगूळ (मर्क्युरिक सल्फाइड) पाण्यात जवळजवळ अविद्राव्य आहे, उलट विद्राव्य मर्क्युरिक क्लोराइड वृक्काच्या (मूत्रपिंडाच्या) कोशिकांचा नाश करते. फिनिल व मेथॉक्सिएथिल संयुगे शरीरात लवकर विघटित होऊन अकार्बनी पारा देतात. त्यांचाही मुख्य आघात वृक्कावरच होतो. मिथिल पारा सर्वांत कपटी. तो अन्नमार्गातून सुमारे ९५% शोषला जातो, सिस्टीन या ॲमिनो अम्लाशी जोडला जाऊन मिथिओनिनासारखा भासतो आणि त्या वेषात मेंदूत शिरतो.

इराकमध्ये १९७१-७२ साली मिथिल पारा लावलेले गव्हाचे व सातूचे आयात बियाणे दळून लोकांनी भाकरी केल्या. ६,५३० जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले व त्यांपैकी ४५९ दगावले. धुतल्यावर बियाण्याचा इशारेवजा रंग गेला, पारा मात्र राहिला. लक्षणेही काही आठवड्यांनंतरच उमटली. पेरून उरलेली ज्वारी दळणात जाणे कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी अशक्य नसल्याने, केवळ रंगावर विसंबणे आपल्याकडेही धोक्याचेच होते.

फिनिल मर्क्युरी ॲसिटेट व एथिल मर्क्युरी क्लोराइड यांवर भारतात बंदी आली. बटाटा व ऊस यांच्या बेण्यापुरते राखलेले मेथॉक्सिएथिल मर्क्युरी क्लोराइड २०१८ च्या आदेशाने बंद झाले. ज्वारीच्या बियाण्यास काणी टाळण्यासाठी किलोमागे ४ ग्रॅम गंधकाची शिफारस केली जाते.