चाकांवरचा संसार

ग्लायडर घडविण्यात हयात घालविलेल्या हॉली बोलस यांनी १९३४ साली ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटांनी जोडून ‘रोड चीफ’ हे मोटारीमागे ओढावयाचे घर सिद्ध केले, आणि तोच वारसा वॉली बायम यांनी १९३६ च्या आरंभी ‘एअरस्ट्रीम क्लिपर’च्या रूपाने पुढे चालविला, तेव्हा अमेरिकेत वार्धक्यवेतनाचा कायदा मंजूर होऊन पुरते वर्षही लोटले नव्हते. फुरसत आणि नियमित मिळकत यांची सांगड हळूहळू जमली, आणि मग सेवानिवृत्त दांपत्ये सारा संसार मोटारीला जोडून रॉकी पर्वताची वाट धरू लागली.

त्या पर्वतातील, मोंटाना राज्यातील ‘गोइंग-टू-द-सन’ रस्ता, जो १९३३ च्या जुलैत ६,६४६ फुटांवरील लोगन खिंडीत समारंभपूर्वक खुला झाला, मला विशेष हृद्य वाटतो. कारण कड्याच्या अंगाने कोरलेल्या त्याच्या चिंचोळ्या भागात २१ फुटांहून लांब वाहनास मज्जाव आहे. म्हणून पायथ्याच्या मुक्कामी वृद्ध गृहस्थ वाकून चाकांना उटी लावतात, पत्नी थर्मासमध्ये कॉफी भरून घेते, आणि ओढून आणलेले घर देवदारांच्या सावलीत ठेवून दोघे नुसत्या मोटारीने खिंड चढू लागतात.